ढिगाऱ्याचा हिशेब रोपांत नको, मातीत करा

कोळसा खाणीच्या ढिगाऱ्यावरचं रोपवन बघायला गेलात, तर सोबत एक खुरपं न्या. झाडांच्या उंचीकडे नंतर बघा. आधी एखाद्या बुंध्याशी बसा, पाचोळा बाजूला सारा आणि वीतभर खणा. पाचोळ्याखाली काळपट, ओलसर, पहिल्या पावसाचा वास येणारा बोटभर थर लागला, त्यात बुरशीचे पांढरे धागे आणि एखादं गांडूळ दिसलं, तर तिथे माती जन्माला आली आहे. पण पाचोळा वर्षानुवर्षं पडून तसाच कुरकुरीत राहिला असेल आणि त्याखाली थेट करड्या दगडाच्या कपच्या लागल्या, तर ती झाडं उसन्या पोषणावर उभी आहेत. लावताना खड्ड्यात घातलेली माती आणि पहिल्या दोन-तीन वर्षांचं खत एवढीच त्यांची शिदोरी. ती संपली की वाढ खुंटते, शेंडे वाळू लागतात आणि मेलेल्या झाडाच्या जागी दुसरं उगवत नाही.

खाणीने ढिगारा पूर्ववत केला की नाही, हे किती रोपं लावली आणि किती जगली यावरून ठरवणं बंद व्हायला हवं, असं माझं ठाम मत आहे. तिथे माती किती तयार झाली आणि ती स्वतःच्या बळावर टिकते का, यावरून ते ठरावं. हा निकष मान्य केला, की लागवडीचा क्रमही बदलावा लागतो. उंच, सरळ, फोटोत शोभणाऱ्या झाडाच्या आधी झुडपाला जागा द्यावी लागते.

त्याचं कारण ढिगारा कशाचा बनलेला असतो त्यात आहे. उघड्या खाणीत कोळशाच्या थरापर्यंत पोचण्यासाठी वरचे वालुकाश्म, शेल आणि चिकण दगड सुरुंग लावून फोडतात, डंपरने वाहून नेतात आणि बाजूला ओततात. खाणीतली माणसं त्याला ‘ओबी’ म्हणतात, म्हणजे ओव्हरबर्डन, कोळशावरचं ओझं. भूमिगत खाणी आणि कोळसा धुणाऱ्या वॉशरी यांच्या टाकाऊ मालाचे ढिगारे त्याहून अवघड, कारण त्यांत कोळशाची भुकटी आणि गंधक जास्त असू शकतं. यातल्या कशालाच माती म्हणता येत नाही. हा दगड कोट्यवधी वर्षं हवा आणि उजेडाशिवाय पडून होता. त्याच्यात वनस्पतींना घेता येईल असं नत्र जवळजवळ नसतं आणि मुळांना साथ देणारे जिवाणू नसतात. पाणी धरून ठेवणारी कणांची बांधणी नसते. एकीकडे दगड आणि दुसरीकडे पीठ, मधलं काही नाही. काळपट पृष्ठभाग भर उन्हात पन्नास अंशांच्या पुढे तापतो आणि कोवळ्या रोपाचं देठ जमिनीलगतच करपतं. पाऊस आला की पिठाची पापडी धरते आणि पाणी मुरण्याऐवजी उतारावरून वाहून जातं.

अनेक खाणींत याहून मोठं दुखणं असतं ते पायराइटचं, म्हणजे लोह आणि गंधकाच्या खनिजाचं. जमिनीखाली ते निपचित असतं. फोडून उघड्यावर टाकलं की हवा आणि पाण्याशी त्याची क्रिया होते आणि गंधकाम्ल तयार होतं. या क्रियेला जिवाणू वेग देतात, हे १९४७ साली अमेरिकेतल्या कोळसा खाणींतून झिरपणाऱ्या आम्लयुक्त पाण्याच्या अभ्यासातून पुढे आलं. सामू, म्हणजे आम्लता सांगणारा आकडा (जितका कमी तितकं आम्ल जास्त), तीनपर्यंत किंवा त्याहूनही खाली गेला की दगडातलं ॲल्युमिनियम आणि मँगेनीज विरघळून मुळांना मारतं. इथे झुडूप काही करू शकत नाही, आणि करू शकेल असं सांगणं ही फसवणूक आहे. दगड ओतण्याआधीच त्याची तपासणी करावी लागते. गंधकाचा माल ढिगाऱ्याच्या पोटात खोल पुरावा लागतो आणि वर निरुपद्रवी थर ठेवावा लागतो. गणित साधं आहे: १००० टन मालात पायराइटचं गंधक १ टक्का असेल, तर त्यातून निघणारं सगळं आम्ल मारायला सुमारे ३१ टन शुद्ध चुनखडी लागते. चुनखडीचे ट्रक आले नाहीत आणि रोपांचे आले, तर ती लागवड पहिल्याच दिवशी वाया गेलेली असते.

समजा आम्लाचा बंदोबस्त झाला. मग झुडूपच का?

झुडूप जमिनीलगत फुटतं. त्याच्या बुडातून अनेक फांद्या निघतात आणि त्या वाऱ्याने उडणारी धूळ, बी, पाचोळा आणि वाहून जाणारी बारीक माती अडवतात. उतारावर एकाच खोडाच्या झाडाखालचा पाचोळा पहिल्या जोरदार सरीबरोबर खाली जातो. दाट झुडपाच्या बुडाशी तो अडकतो, भिजतो, कुजतो. फांद्यांच्या सावलीत जमीन काही अंशांनी थंड राहते, आणि करपणं आणि जगणं यांत तेवढ्याच अंशांचा फरक असतो. झुडूप लवकर वयात येतं, लवकर पानं गाळतं, मोडलं किंवा जनावराने खाल्लं तरी बुडापासून पुन्हा फुटतं. त्याच्या बारीक मुळांचा मोठा वाटा वरच्या हातभर थरात असतो. ती सतत मरतात आणि नव्याने येतात. मेलेलं प्रत्येक मूळ म्हणजे दगडाच्या फटीत ठेवलेला सेंद्रिय पदार्थाचा धागा. झाडं हे करत नाहीत असं नाही, पण ती सावकाश करतात आणि पहिल्या दहा वर्षांत त्यांतली पुष्कळशी जगतच नाहीत. माळावर एखाद्या काटेरी जाळीच्या आत, गुरांच्या तोंडापासून वाचलेलं एखादं मोठ्या झाडाचं रोप आपण सगळ्यांनी पाहिलेलं असतं. ढिगाऱ्यावर हाच क्रम मुद्दाम घडवायचा आहे.

दुसरं कारण नत्राचं, आणि मला वाटतं सगळा वाद खरं तर इथेच निकाली निघतो. अँथनी ब्रॅडशॉ या ब्रिटिश शास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खाणींच्या टाकाऊ जमिनीवर अनेक वर्षं काम केलं. स्वतःच्या पायावर उभी राहणारी वनस्पतिसृष्टी हवी असेल, तर जमिनीत हेक्टरी साधारण १००० किलो नत्राचा साठा असावा लागतो, असा त्यांच्या कामातून निघणारा अंदाज आहे. साठा एवढा मोठा लागतो, कारण सेंद्रिय पदार्थात अडकलेल्या नत्राचा छोटासाच भाग दर वर्षी कुजून मोकळा होतो आणि मुळांना मिळतो. ताज्या ढिगाऱ्यावर हा साठा जवळपास शून्य असतो. रासायनिक खताने तो भरता येत नाही. धरून ठेवायला ह्युमसच, म्हणजे कुजून तयार झालेला काळा सेंद्रिय पदार्थच, नसल्यामुळे घातलेल्या खतातलं नत्र पावसाबरोबर निघून जातं आणि खालच्या ओढ्याचं पाणी बिघडवतं. तो भरतो मुळांवर गाठी धरणाऱ्या वनस्पतींनी. चांगली जमलेली अशी झुडपं हेक्टरी वर्षाला पन्नास ते शंभर किलो नत्र हवेतून ओढू शकतात. म्हणजे सगळं नीट चाललं तरी दहा ते वीस वर्षं. हा कालावधी लक्षात ठेवा, पुढे कायद्याशी तो ताडून बघायचा आहे.

गाठी धरणाऱ्यांत दोन घराणी आहेत. शेंगावर्गीय वनस्पतींच्या मुळांवर रायझोबियम गटाचे जिवाणू असतात. सी-बकथॉर्न, अल्डर, सुरू अशांच्या मुळांवर फ्रँकिया नावाचा वेगळाच सूक्ष्मजीव गाठी करतो. शेंगा धरतात म्हणून नत्र मिळेलच, असं मात्र समजू नये. तरवड ज्या सेन्ना प्रजातीत मोडतो, तिच्या मुळांवर गाठी येत नाहीत. तरवड इतर कामांसाठी लावावा, नत्रासाठी नाही. शिवाय ताज्या ढिगाऱ्यात हे सूक्ष्मजीव नसतातच. रोपवाटिकेत पिशवी भरतानाच जिवाणू संवर्धक घालावं लागतं, किंवा त्याच जातीच्या वाढलेल्या झुडपाखालची ओंजळभर माती मिसळावी लागते. गाठींना स्फुरद लागतं, ते कमी पडलं की गाठी नावापुरत्या राहतात. माझ्या मते रोपाच्या उंचीपेक्षा ही ओंजळभर माती महत्त्वाची. निविदेत उंची हमखास लिहिलेली असते, या ओंजळीची अट क्वचितच असते.

खाणीच्या वरची मूळ माती वेगळी काढून ठेवली असेल तर अर्धी लढाई जिंकली, असं बऱ्याच ठिकाणी मानलं जातं. ते खरं आहे, पण एका अटीवर. ती उंच रास करून वर्षानुवर्षं ठेवली, तर राशीच्या पोटात हवा पोचत नाही आणि बी, बुरशी, गांडुळं मरतात. कमी उंचीच्या राशी कराव्यात आणि लवकर पसराव्यात.

आता कायदा. कोळसा खाणींच्या जमिनीबाबतचा जगातला सगळ्यात तपशीलवार कायदा बहुधा अमेरिकेचा, १९७७चा. त्याखाली कंपनीला आधीच अनामत ठेवावी लागते आणि शेवटची पेरणी, खत किंवा सिंचन झाल्यापासून पूर्ण ५ वर्षं वनस्पतींची जबाबदारी घ्यावी लागते. वर्षाला २६ इंच किंवा त्याहून कमी पाऊस पडणाऱ्या प्रदेशात ही मुदत १० वर्षांची आहे. कायद्याचा हेतू चांगला होता आणि त्याने अमेरिकेतल्या उघड्या पडलेल्या डोंगरांना शिस्त लावली. पण वरचं गणित त्याच्या शेजारी ठेवा. नत्राचा साठा भरायला दहा ते वीस वर्षं आणि अनामत सुटायला पाच. जी मुदत मातीच्या जन्माआधीच संपते, ती मातीची हमी देऊ शकत नाही. ती फक्त वर दिसणाऱ्या हिरव्या रंगाची हमी देते.

त्या कायद्यानंतर अमेरिकेच्या पूर्वेकडच्या ॲपलाचियाच्या डोंगरांत जे घडलं, ते प्रत्येक खाण-अधिकाऱ्याने वाचावं असं आहे. ढिगारे घसरू नयेत म्हणून डोझरने ते पुन्हापुन्हा दाबून सपाट केले आणि धूप थांबावी म्हणून त्यांवर जोमाने वाढणारं गवत पेरलं. वरून बघणाऱ्याला हिरवीगार कुरणं दिसली. पण दाबलेल्या जमिनीत मुळं शिरेनात, गवताने रोपांचं पाणी आणि उजेड पळवला आणि जिथे जंगल होतं तिथे जंगल परत येईना. २००४ साली तिथल्या सरकारी यंत्रणांनी एकत्र येऊन वेगळी पद्धत पुढे आणली: मुळांसाठी किमान चार फूट जाडीचा चांगला थर, तो सैल सोडायचा, गवत विरळ आणि बुटकं पेरायचं, आणि मोठ्या झाडांसोबत माती सावरणाऱ्या, पाखरांना बोलावणाऱ्या लवकर वाढणाऱ्या जाती लावायच्या. यातला सैल थर फार मोलाचा आहे. ओबडधोबड, खाचखळग्यांचा ढिगारा तपासणीला आलेल्या माणसाला अपुरं काम वाटतो. पण त्याच खळग्यांत पाणी थांबतं आणि बी रुजतं. मजूर लावून सफाईने सारवलेला ढिगारा रोपांच्या दृष्टीने फरशीसारखा असतो.

मग गवत, झुडूप, झाड काहीच न लावता निसर्गावर सोडलं तर? हा आक्षेप मी हलका मानत नाही, कारण त्यामागे चेक प्रजासत्ताकातल्या सोकोलोव्हचा पुरावा आहे. तिथल्या लिग्नाइट, म्हणजे तपकिरी कोळशाच्या, खाणींचे काही ढिगारे ओतले तसेच, लाटांसारखे उंचसखल सोडून दिले होते. साधारण पंधरा-वीस वर्षांत तिथे गोट विलो या झुडपी विलोची दाटी झाली, मागोमाग बर्च आणि ॲस्पेन आले. झुडपांखाली पाचोळा साठल्यावर गांडुळं आली आणि त्यांनी तो पाचोळा खालच्या चिकणमातीत कालवला. खरी माती तिथून पुढे तयार होऊ लागली. या उदाहरणावरून काही जण म्हणतात, बघा, लागवडीची गरज नाही. मी त्यातून दुसरा बोध घेतो. निसर्गालाही झुडपाची पायरी चुकवता आली नाही. आणि सोकोलोव्हचा माल आम्लधर्मी नव्हता, हवा थंड आणि ओलसर होती, आसपास बी पुरवणारी झाडी होती. मैलोन् मैल खाणीच खाणी पसरल्या आहेत आणि जवळ बी देणारं रान उरलेलं नाही, अशा ठिकाणी वाट बघणं म्हणजे दर पावसाळ्यात ढिगारा खालच्या शेतांत आणि ओढ्यांत उतरू देणं. जिथे सोकोलोव्हसारखी परिस्थिती असेल, तिथे मात्र ढिगाऱ्याचा काही भाग जरूर मोकळा सोडावा. स्वस्त आहे आणि त्यातून शिकायला मिळतं.

झुडपांविरुद्धचा सगळ्यात जड आक्षेप वेगळा आहे, आणि तो झुडपांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी स्वतःच मांडला पाहिजे. ढिगाऱ्यावर तग धरणारं झुडूप कुठेही तग धरतं. अमेरिकेत खाणींच्या पडीक जमिनींवर ऑटम ऑलिव्ह नावाचं परदेशी झुडूप मोठ्या प्रमाणात लावलं गेलं. नत्र धरतं, दुष्काळ सोसतं, पाखरांना फळं देतं, सगळे गुण होते. पाखरांनी त्याचं बी रानोमाळ नेलं आणि आज तिथे ते उपटून काढायला माणसं लावावी लागतात. वेडी बाभूळ उष्ण प्रदेशात कुठवर पसरली ते वेगळं सांगायला नको. ‘काहीही करून हिरवं करा’ या घाईतून अशी झुडपं निवडली जातात, कारण रोपांची मोजदाद हाच निकष असेल तर चिवट परदेशी जात नेहमीच जिंकते. स्थानिक झुडपं सावकाश वाढतात, त्यांचं बी गोळा करायला मेहनत पडते, रोपवाटिकांत ती सहसा मिळत नाहीत. तरीही आपल्याच डोंगरउतारांवर उघड्या मुरमात धायटी, निरगुडी, बोर, करवंद वाढतात. ही नत्र धरत नसली, तरी पाचोळा अडवणं आणि सावली देणं ही कामं करतात. मिसळून लावावं आणि परकी पसरणारी जात खाणीच्या फाटकातच अडवावी, यात तडजोड नको. चीनच्या शान्शी प्रांतातल्या पिंगशुओ खाणक्षेत्रातल्या ढिगाऱ्यांवर सी-बकथॉर्न आणि कॅरागाना ही झुडपं पाइनसारख्या झाडांसोबत मिसळून लावली गेली. दोन्ही झुडपं उत्तर चीनच्या कोरड्या डोंगराळ भागात मुळात उगवणारीच आहेत.

उताराबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. नुसता ओतलेला दगड साधारण ३५ ते ३७ अंशांच्या उतारावर थांबतो. झुडपाची मुळं वरची हातभर-दोन हात माती धरतात. खोल जाणारी घसरण ती रोखू शकत नाहीत. २१ ऑक्टोबर १९६६ रोजी वेल्समधल्या अॅबरफानला खाणीचा ढिगारा खालच्या शाळेवर कोसळला आणि १४४ माणसं गेली. त्यांत ११६ मुलं होती. तो ढिगारा झऱ्यांवर रचलेला होता. पाण्याचा निचरा, पायऱ्या काढून कमी केलेला उतार, पायथ्याचा आधार ही अभियंत्याची कामं आहेत आणि ती लागवडीआधीच व्हायला हवीत. असुरक्षित ढिगाऱ्यावर हिरवळ उभी केली तर धोका कमी होत नाही, दिसेनासा होतो. आतून जळणाऱ्या ढिगाऱ्यांचंही तसंच. आधी आग, मग रोप.

मातीवरून मोजा म्हटल्यावर प्रश्न येतो, कसं मोजायचं? इथे एक सापळा आहे. मातीचा कस सांगताना आपण सेंद्रिय कर्ब बघतो. कोळशाच्या ढिगाऱ्यात कोळशाची भुकटी असतेच, आणि नेहमीच्या प्रयोगशाळेतल्या तपासणीत तिचा कर्बही कमी-अधिक प्रमाणात मोजला जातो. मग ज्या ढिगाऱ्यावर गवताची काडी नाही, तोही कागदावर शेतापेक्षा सुपीक ठरू शकतो. जुना आणि नवा कर्ब वेगळा करायची खात्रीची पद्धत आहे: कोळशात किरणोत्सारी कार्बन-१४ उरलेला नसतो, ताज्या पाचोळ्यात तो असतो. ही तपासणी महाग आहे, पण अनामत परत देण्याआधी मोजक्या नमुन्यांवर ती करायला हरकत नसावी. बाकीच्या कसोट्या साध्या आहेत. पाचोळ्याची पिशवी जमिनीत पुरून वर्षाने किती कुजली ते बघणं, पाणी किती वेळात मुरतं ते बघणं, गांडुळं मोजणं, मुळांवरची गाठ नखाने फोडून आत गुलाबी रंग आहे का ते बघणं. गुलाबी असेल तर ती काम करते आहे. आसपासच्या गावातल्या माणसांना एका दिवसात शिकवता येतील अशा या तपासण्या आहेत, आणि धूळ आणि गढूळ पाणी सोसणाऱ्या त्या माणसांना तपासणीत स्थान मिळालंच पाहिजे.

सध्याच्या मोजणीत आणखी एक अन्याय होतो. नत्र साठलं, सावली झाली, मधून मोठी झाडं वर आली की त्यांच्या छायेत पहिल्या फळीची झुडपं हळूहळू वाळतात. तेव्हा त्यांचं काम झालेलं असतं. पण जगलेल्या रोपांच्या टक्केवारीत ती तूट म्हणून धरली जातात. त्यामुळे ठेकेदार मुळातच झुडूप टाळतो, किंवा वाळलेल्याच्या जागी पुन्हा तेच लावून आकडा राखतो. म्हणून मोजणीची वेळ आणि रीत दोन्ही बदलायला हवीत. अनामतीचा पहिला हिस्सा उतार आणि निचरा सुरक्षित झाल्यावर द्या, दुसरा आम्ल आटोक्यात आल्यावर आणि झुडपांनी जमीन झाकल्यावर. सगळ्यात मोठा हिस्सा मात्र खत आणि पाणी थांबवल्यानंतर पुरेशी वर्षं जाईपर्यंत, वीस लागली तर वीस, अडकवून ठेवा. तोपर्यंत दर काही वर्षांनी ढिगाऱ्यावरच्या ठरलेल्या जागांवर जाऊन खणायचं, पाचोळ्याखालच्या काळ्या थराची जाडी मोजायची आणि ती नोंद गावाच्या चावडीवर लावायची.